पहिली पायली देवाची

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवावा कुणावर? तराजूवर म्हणाल, तर तो धरणाऱ्याचा असतो. मी म्हणतो कुणावरही ठेवा, पण रागावलेल्या स्वतःवर ठेवू नका. मी ठेवला आणि भोरच्या भरल्या शाळेत काय करून बसलो ते ऐका. चहा निवला तर दुसरा सांगतो.

संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. माझं दुकान बाजारात. डोंगरातल्या लोकांचं भात घ्यायचं, त्यांना मीठ, गूळ, तेल द्यायचं. हिर्डोशीकडची मंडळी अंधारातच बैल लादून निघायची ती दुपारी माझ्या दारात.

आता आपली मोजायची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मी मात्र भात घेताना म्हणायचो लाभ, एक, दोन, तीन. तेही असं तालात, की ऐकणाऱ्याला भजन वाटावं. दर पोत्यामागं एक पायली वर. मीठ विकताना? तेव्हा रीतसर लाभ, दोन.

व्हय, लबाडीच. मी कुठं नाही म्हणतोय? तुमच्यापाशी झाकून काय उपयोग, सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. ते माहीत कसं झालं, तोच तर किस्सा.

त्या साली शाळेत नवे गुरुजी आले. त्यांनी सातवीच्या पोरांना काम दिलं : नकाशावर नसलेला एक देश काढायचा. त्याची माणसं, सण, पिकं, व्यापार, नाणी, सगळं पोरांनीच ठरवायचं. मी तेव्हाच भडकलो. अहो, आहे तो देश आत्ता कुठं आपल्या हातात आलाय, तो सांभाळा की. आणखी नवा कशाला?

पण आमची लेक सुशी सातवीत. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही. दुकानातली नीळ समुद्राला गेली, पुड्यांचे कागद डोंगरांना गेले. देशाचं नाव ठेवलं सोनवेळ. बरं, या बयेनं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला आमंत्रणं दिली. "रखमामावशी, बाजारच्या दिवशी शाळेत या हं, आमचा देश बघायला."

रखमाबाई म्हणजे हिर्डोशीकडची वजनदार बाई. तिचे बैल ज्या दुकानापुढं थांबतील, तिथं अख्ख्या वाडीचे थांबायचे. माझं निम्मं भात तिच्या शब्दावर यायचं.

बाजारच्या दिवशी कोट-टोपी घालून मी शाळेत गेलो. भिंतीवर तक्ते लावलेले. रखमाबाई चार बायांना घेऊन आधीच आलेली. तिला वाचता येत नव्हतं, सुशी वाचून दाखवत होती. मी एका तक्त्यापुढं उभा राहिलो आणि वाचलं, 'सोनवेळ देशात धान्य घेताना लाभ, एक, दोन असे मोजतात.'

एवढंच वाचलं. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. पुढं आणखी एक ओळ होती, पण रागावलेला माणूस दुसरी ओळ वाचतो का?

"गुरुजी, हे कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही. मुलांनी डोक्यातून काढलंय, शेटजी. कल्पनेतला देश आहे."

"कल्पनेतला? मला शिकवता? माझं दुकान भिंतीवर टांगलंत आणि वर कल्पना म्हणता?"

"तुमचं दुकान? ते कसं काय?"

आणि मी, बाजारात बोटाच्या खुणेवर सौदे करणारा मी, हात नाचवत ओरडलो, "अहो, असं मोजणारा सगळ्या भोरात मी एकटा आहे."

गुरुजींनी हळूच तक्त्यावर बोट ठेवलं. "शेटजी, दुसरी ओळ राहिली. 'कारण पहिली पायली देवाची असते, ती देवळात देतात.' हा तक्ता व्यापाराचा नाही, धर्माचा आहे."

सुशी रडकुंडीला आलेली. "आबा, मी लहानपणी विचारलं होतं, लाभानंतर परत एक का म्हणता. तुम्हीच सांगितलंत ना, पहिली देवाची म्हणून?"

पोरीनं मला संत करून भिंतीवर लावलं होतं हो. चोर मी स्वतःच केला.

रखमाबाई पदर सावरत पुढं आली. "शेट, बारा वर्सं आमी पायली देतोय. ह्यो देव ऱ्हातो कुठं? एकदा पाया तरी पडू द्या."

"मावशे, रागाच्या भरात बोललो मी."

"व्हय की. खरं बोललासा."

घरी येऊन आदळआपट केली. बायकोला म्हटलं, "त्या मास्तराची बदलीच करवतो. अर्ज ठोकतो वर."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ठोका. अर्जात कारण काय लिहाल?"

दोन बाजार हिर्डोशीचा एक बैल माझ्या दारात थांबला नाही. समोरच्या दुकानात पोती उतरताना बघायची आणि गादीवर बसून चरफडायचं. राग सगळ्यांवर. गुरुजींवर, सुशीवर, त्या देवावरसुद्धा.

तिसऱ्या बाजारी रखमाबाई दारात. "समूरच्याचं माप बरं हाय, पर त्याचं मीठ वलं. तवा आलो. भात आमी मोजणार."

"मोजा, मावशे."

तिनं मोजलं. लाभ, दोन, तीन. चोख. मग मिठाला वळली. मी पायली भरली, म्हटलं लाभ. दुसरी भरली, दोन म्हणणार, तोच तिनं माझा हात धरला.

"एक म्हणा."

"मीठ आहे हे, मावशे."

"मग? तुमचा देव काय भातच खातो? मीठ लागत न्हाई त्याला?"

बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मी दात-ओठ खात म्हणालो, एक. दोन. तीन.

"असं किती दिवस चालायचं?"

"देव हाय तवर."

तेव्हापासून हिर्डोशीकरांना मीठ देताना माझ्या दुकानात लाभानंतर एकच म्हणतात. तुम्ही उद्या दुकान घालणार म्हणे. मग एवढं माझं ऐका, माप आणि हिशेब चोख ठेवा. पुण्य लागावं म्हणून नको. तुमचा स्वभावही माझ्यासारखाच तापट, आणि तापट माणसाला लबाडी परवडत नाही.