मिस नावाच्या दोघी

लेक नोकरीसाठी हैदराबादला गेली, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आमचे हे जाऊन तीन वर्षं झालेली. बेलवलीच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि लेकीने घेऊन दिलेला मोबाईल.

"आई, रोज रूमवर पोचले की मिस्ड कॉल देईन. उचलू नकोस हां."

मी कसली उचलते! अंबरनाथच्या कारखान्यात भोंग्यावर उठबस केलेली बाई मी.

एका संध्याकाळी फोन वाजायला लागला तो वाजतच राहिला. थांबला, पुन्हा वाजला. असा तीनदा. मी समोर बसून नुसती बघत होते. म्हटलं, आज पोरगी अगदी ठणठणीत पोचलेली दिसते. अक्कल बघा!

मग मेसेज आला: ‘आई मिस यू.’

मला एक मिस ठाऊक होती लेकीच्या शाळेतली, दुसरी या फोनातली. मी कधी मिस झाले? शेजारच्या सिंधी आंटीला विचारलं.

"अरे, मिस तो शादी के पहले! आपकी तो गाडी निकल गई!" ती पोट धरून हसली.

घरी येऊन लेकीचा जुना शब्दकोश काढला. बाईंची मिस ही ‘मिस्ट्रेस’ची शेपटी छाटून झालेली. दुसरी त्याहून जुनी, वेगळ्याच घरची: हुकणे, चुकणे, गाठ न पडणे. दोघींचं नाव एक, नातं काही नाही. आणि दुसरीच्या शेवटी, बारीक टायपात: एखाद्याची उणीव भासणे.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पोरीने तीनदा हाक मारली आणि मी शिस्तीत बसून राहिले होते.

लगेच फोन लावला. तिने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"अगं आई, किती मिस्ड कॉल देशील? पोचले मी, म्हणून तर कापतेय."

"मग मघाशी तीनदा का केलास?"

ती म्हणाली, "असंच."

मलाही तुझी उणीव भासते, असं म्हणायला तोंड उघडलं. पण असलं पुस्तकी कोण बोलतं घरात? म्हटलं, "जेवलीस?"

"एकटीला नको वाटतं गं."

"मलाही. वाढून घे. मी पण ताट घेते. फोन ठेवू नकोस."

तिकडे डब्याचं झाकण वाजलं. मी गार पोळीचा तुकडा मोडला.