गाव बांधलं त्या दिवशी

भिलाईत कारखाना उभा होत होता तेव्हा मी जवळच्या एका खेड्यात राहत होतो. पन्नासेक घरं, दोन तलाव, चहूकडे धानाच्या बांध्या. आमच्या भंडाऱ्यासारखाच मुलूख. चौथीतच शाळा सुटलेली. तरी ठेकेदाराच्या काँक्रीटच्या टोळीत काम लागलं आणि एका एकट्या म्हातारीनं खोली दिली, याचंच नवल वाटे. तिथल्या रीतीनं मी तिला दाई म्हणायचो, म्हणजे आई.

श्रावणातल्या एका शनिवारी कोतवाल ओरडत गेला की उद्या गाव बांधायचं. दाईनं सांगितलं, बैगा, म्हणजे गावचा पुजारी, सकाळी शिवेवर पूजा करतो, रोगराई बाहेर राहावी म्हणून. त्यानंतर सोमवारचा सूर्य उगवेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही, आत यायचं नाही. मोडलं तर गावात जागा नाही.

आणि रविवारीच पायाचं मोठं काँक्रीट पडणार होतं. येणार नाही त्याचं नाव कटणार, असं मुकादमानं बजावलेलं. बांध्यांतून लपून निघावं, असंही मनात आलं. दाईनं ते ओळखलं. चोरून जाऊ नको, म्हणाली, बैगालाच विचार.

उजाडताच शिवेवर गेलो. बैगा कडुलिंबाचे डहाळे मांडत होता.

"बाबा, मले कामावर जाऊ द्या. नाही गेलो त नाव कटते."

त्यानं माझी सिमेंटनं फुटलेली बोटं पाहिली.

"पूजा अभी नइ होय हे. जा. फेर काली बेरा उए के बादेच आबे."

पूजा व्हायची होती म्हणून जाता आलं. परतायचं मात्र उद्या सूर्य उगवल्यावरच.

दिवसभर घमेली वाहिली. सुटी झाली तेव्हा खांदे माझे राहिले नव्हते, आणि पाय सवयीनं गावाकडेच निघाले. शिवेवरचे डहाळे दिसले तेव्हा भानावर आलो आणि अलीकडेच बसलो.

थोड्या वेळानं पलीकडून दाई आली. तिनं भात आणि अंबाडीच्या भाजीचं ताट खाली ठेवून काठीनं माझ्याकडे सरकवलं. नोकरी वाचली का, विचारलं. वाचली, म्हणालो. माझी खोली राहिली का, हे विचारायची हिंमत होईना. जेवलो.

ताट परत सरकवू लागलो, तर तिनं काठी आडवी धरली. बाहेर गेलेली वस्तू आज आत येत नाही.

"काली संग म लाबे," म्हणाली. उद्या सोबत आण.

ताट काखेत मारलं आणि रात्र काढायला पुन्हा कारखान्याची वाट धरली.