संतोषच्या डिस्कमधला धवला

बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून डेटा काढून देणं हा माझा धंदा. या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच ते पिशवीत घालून आणतं. मी कॉमर्सवाला, तोही अर्धवट. डिस्क उघडायला शिकलो तो भंगारातल्या डिस्क फोडून. वर्तकनगरात दुकान टाकलं तेव्हा सासरे म्हणालेले, "हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, "लोक बॅकअप घ्यायला लागेपर्यंत." अजून चाललंय.

मागच्या लग्नसराईतला एकच आठवडा सांगतो.

मंगळवारी माजिवड्याचा संतोष आला. डिस्क टिकटिक करत होती. आत त्याच्या स्वतःच्या लग्नात मावशीने गायलेल्या धवल्याचं, म्हणजे लग्नगीताचं, रेकॉर्डिंग. या आगरी घरात धवला गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि गाताना घरातल्या एकेकाचं नाव त्यात गुंफतात. रविवारी संतोषच्या बहिणीची हळद, आणि मावशीच्या घशाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"घरात दुसऱ्या कोणाला येत नाही?" मी विचारलं.

"आत्याला येतं ना. पण सात वर्षं झाली, माझ्या लग्नापासून ती मावशीशी बोलत नाय. मावशी असेल तिथे तोंड उघडणार नाय म्हणते."

"का पण?"

"आत्या सांगत नाय, मावशीला माहीत नाय. शेठ, तुम्ही डिस्कचं बघा. या दोघी कुणाला रिपेअर होणार नायत."

तशाच मॉडेलच्या जुन्या डिस्कचं डेटा वाचणारं हेड काढून हिला बसवलं आणि कॉपी लावली. मशीन रडतखडत चालू होतं. मध्ये हात लावायचा नाही, म्हणून मी बाकीची गिऱ्हाइकं घेतली.

बुधवारी एक रिटायर्ड मास्तर आले. चेहरा अगदी निवांत.

"बॅकअप आहे का, सर?"

"एक सोडून दोन आहेत. एक सी ड्राइव्हमध्ये, एक डीमध्ये."

दोन्ही माझ्या हातातल्या त्याच डिस्कवर होते! काढून दिले दोन्ही. सर म्हणाले, "बघा, म्हणून दोन ठेवावेत."

गुरुवारी एक काकू स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत हार्डडिस्क, गारठलेली. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवलेला, की डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की बरी होते. उघडली तर सुकटाचा घमघमाट. दिवसभर वाळवली, सगळे फोटो निघाले. काकू खूश. "म्हणजे फ्रीजरचा उपयोग झाला की नाही?"

शुक्रवारी डोंबिवलीचे एक साहेब कानात म्हणाले, "सगळं काढा, फक्त 'ऑफिस' फोल्डर राहू द्या." संध्याकाळी त्यांची बायको एकटीच आली. "भाऊ, आधी ऑफिस फोल्डर दाखवा." आता डिस्क दोघांच्या नावाची, नाही कसं म्हणणार? उघडला. साहेबांची कराओकेवरची गाणी, दीडशेच्या वर! तिसऱ्या गाण्याला बाई उठल्या. "हे बरोबर सांगत होते. राहू द्या."

शनिवारी दुपारी संतोषची कॉपी पूर्ण झाली. फाइल अख्खी, एक सेकंद गहाळ नाही. मी फोन केला तर संतोष मावशीलाच रिक्षात घालून घेऊन आला.

मी स्पीकर लावला. मावशीचा खणखणीत आवाज दुकानभर. बाहेर चहावाला थांबला. मावशी हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. मला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी येणार.

मावशींनी बोट वर केलं. "मागं घे."

मागे घेतलं.

"अजून मागं."

तीनदा ऐकलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "संतोष, यात तुझ्या आत्याचं नावच नाय."

संतोषने स्वतः पुन्हा मागे घेऊन ऐकलं. खरंच नव्हतं.

"मामा घेतला, मामी घेतली, शेजारीण घेतली. आणि तिला विसरले मी." त्यांनी हात पुढे केला. "लाव तिला फोन."

रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह संतोष माझ्या टेबलावरच विसरून गेला. घ्यायला आलाच नाही. रविवारी व्हॉट्सॲपवर हळदीचा व्हिडिओ तेवढा आला. आत्या गातेय, आणि शेजारी मांडी घालून बसलेली मावशी एकेक नाव बोटांवर मोजतेय.