भातावर थांबलेला हात

आज जेवताना बाबांचा हात वरणभातावर थांबला आणि मला भरून आलं. आमच्याकडे भातावर तूप पडल्याशिवाय कोणी पहिला घास घेत नाही. पण कोलेस्टेरॉल थोडं वाढलं म्हणून बाबांनी वर्षभर तूपच काय, चटणीतले शेंगदाणेसुद्धा सोडले होते. अंग कोरडं पडलं, बोलणंही.

काल डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, तळण सोडलंत ते उत्तम. पण शरीराला थोडी स्निग्धता लागतेच. चमचाभर तूप घ्या, मोजून."

वाटलं, वैरी समजून आपण हाकलतो ते कधीकधी घरचंच माणूस असतं. त्याला फक्त मापात राहायला सांगायचं असतं.

आईने चमचा रिकामा केला. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "वर्षभराने आज जेवायला बसलो!"