नाक्यावरच्या बाईचा हात

आमच्या भोईवाड्याच्या नाक्यावर सिमेंटची बाई होती. गिरणीतल्याच एका फिटरनं केलेली. नाक बसकं, एक डोळा मोठा. पण हात पुढं काढलेला, हातात सुताची बॉबिन. आम्ही वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बाया तिला आपल्यातलीच समजायचो.

गिरणी चालू होती तेव्हा खंडेनवमीला मी माझ्या मशीनला झेंडूचा हार घालायचे. संपानंतर गिरणी बंद झाली. नवरा घरी बसला तो खचलाच, दोन वर्षांत गेला. मी चार घरची भांडी घासली, पापड लाटले, पोरी वाढवल्या. सगळ्यांच्याच घरी हे झालं, त्याचं काय सांगायचं. पण गिरणी बंद पडल्यावर पहिल्या खंडेनवमीला सवयीनं हार ओवला आणि घालायला मशीनच नाही. मग नाक्यावर जाऊन त्या बाईच्या हाताला अडकवला. पुढच्या वर्षी बघते तर पाच हार.

मागच्या वर्षी तिच्या आतल्या सळया गंजून फुगल्या, खांदा सुटला. कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून उतरवली. मंडळानं ठरवलं, आता ब्राँझची करायची. मातीचा नमुना बघायला आम्हा म्हाताऱ्यांना टेम्पोत बसवून नेलं.

नाकीडोळी नीटस, डोक्यावर पदर, दोन्ही हात जोडलेले. सगळ्या "छान, छान" म्हणाल्या. मी तिच्या हातांकडंच बघत होते. मंडळाचा अध्यक्ष आमच्याच चाळीतला, माझ्या हातचं जेवून मोठा झालेला.

"काय गं मावशी, आवडली नाय?"

"आवडली. पण हात कुणाला जोडतेय रे ती? मालकाला?"

सगळ्या हसल्या. अध्यक्ष म्हणाला, "अगं, नमस्कार बरा दिसतो. उद्घाटनाला पाहुणे येणार."

"पाहुणे एक दिवस येतील. आम्ही हार कुठं अडकवायचा? आणि असा पदर घेऊन मशीनवर गेली असती तर पदराबरोबर तीपण आत. पदर कमरेला खोचायचा."

मूर्ती करणारी मुलगी तिशीचीही नसेल. वाटलं, रागावणार. तिनं हातांची माती पुसली, मला स्टूल दिलं. "आजी, हात कसा असायचा? दाखवा ना."

टेबलावर सुतळी होती, तिचा एक धागा काढला. तुटलेला दोरा जोडायची गाठ मी कित्येक वर्षांत मारली नव्हती. बोटांनी आपली आपण मारली.

"परत एकदा," ती म्हणाली. सात-आठ वेळा मारायला लावली.

अध्यक्ष कुरकुरला, "आता बदललं तर तारीख पुढं जाईल." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "जाऊ दे. मावशीनं सांगितलं म्हणजे झालं."

मुलीनं साचा काढायला माझ्या हाताला तेल लावून वर प्लास्टर थापलं. आधी गार, मग गरम. "हलू नका हां आजी."

"आठ-आठ तास उभी राहायचे गं मी. हलत नाय."

माझं मधलं बोट वाकडं आहे, मशीननं धरलं होतं. म्हटलं, ते तेवढं सरळ कर. ती नुसती हसली.

मला सही करता येते, तेवढंच शिक्षण. तरी त्या पोरीनं माझं ऐकलं. तिचं भलं होवो. आणि त्या फिटरचंही, जिथं असेल तिथं.

या खंडेनवमीला नव्या बाईला पहिला हार मी घातला. कोकणातली शेजारीण जवळ जाऊन बघायला लागली. "अगो, तुझा वाकडा बोट तसाच ठेवल्यान गो!"

"बरं झालं," मी म्हटलं. "हार घसरत नाय."