मार्फत इनासिया टीचर

मालवणच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवून इनासिया टीचर निवृत्त झाल्या. त्याच वर्षी त्यांचे यजमान साल्वादोर वारले आणि मुलगा रॉयडन कॅनडाला गेला. चार खोल्यांच्या घरात टीचर एकट्या उरल्या.

काही वर्षांनी लोकराज त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो नारळ पाडायला. मूळचा नेपाळातल्या अछामचा, इथे बाबली तांडेलाच्या ट्रॉलरवर खलाशी. चहा पिताना त्याने सांगितलं, सहा वर्षं झाली, घरी गेलेलो नाही. एकदा हंगामाची कमाई कमरेला बांधून निघाला होता. सरहद्दीच्या अलीकडे बसमध्ये डोळा लागला आणि जाग आली तेव्हा कंबर मोकळी होती. रिकाम्या हातांनी दारात उभं राहायची लाज वाटून तो तिथूनच मागे फिरला. घर सोडलं तेव्हा लेक रांगत होती. आता ती फोनवर विचारायची, बाबा, तुम्ही उंच आहात की बुटके?

कमाई पुन्हा चोरीला जाऊ नये म्हणून टीचर त्याला खातं उघडायला बँकेत घेऊन गेल्या. तिथला साहेब भला माणूस, पण नियमावर बोट ठेवून बसलेला. नेपाळचा नागरिकतेचा दाखला चालेल, म्हणाला, पण मालकाचं पत्र हवं आणि इथला पत्ता हवा. लोकराज बोटीवर झोपायचा. बोटीला घरनंबर कुठला? आणि बाबली पत्र द्यायला टाळाटाळ करू लागला. खातं झालं की गडी निघून जाईल, ही त्याची भीती.

त्या रविवारी रॉयडनचा फोन आला, तेव्हा टीचरांनी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, माझां पण हंयसर खातां उघडूक देय नव्हते. घरमालकीण माझ्यावांगडा तीन तास बँकेत बसली, तेव्हा झालां."

इतक्या वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावरही परक्या गावात, बँकेच्या बाकावर कागद धरून बसलेला आपला पोर त्यांना दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या बंदरावर गेल्या. बाबली त्यांचाच विद्यार्थी. त्याला बाजूला घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "बांधून ठेवलेलो माणूस आपलो नसता रे. मनान ऱ्हवलो तरच तो तुझो."

बाबलीने मान खाली घालून सही केली. पत्त्याच्या रकान्यात टीचरांनी स्वतःचं घर लिहिलं.

पंधरा दिवसांनी पोस्टमनने लोकराजच्या नावाचं बँकेचं पाकीट आणून दिलं. साल्वादोर गेल्यापासून त्या घरात पुरुषमाणसाच्या नावाने काही आलं नव्हतं. लोकराज येईपर्यंत टीचरांनी ते दोनदा हातात घेऊन पाहिलं.

मे महिन्याअखेर पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढल्या आणि लोकराज निघाला. खिशात फक्त वाटखर्च, बाकी सगळं खात्यात. टीचरांनी त्याच्या लेकीसाठी गुळाचं गोड खाजं बांधून दिलं. परत येतो, म्हणाला.

तो आला नाही. गावातच त्याने किराण्याचं दुकान घातलं. दशैंच्या सणाला त्याने व्हिडिओ फोन लावून लेकीला समोर उभं केलं. पोर बापाचं बोट सोडायला तयार नव्हती. टीचरांनी दोघांना आशीर्वाद दिला, आणि फोन बंद झाल्यावरही त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी रॉयडनला फोन लावला. तिकडे अजून उजाडलं नसेल हे त्यांना ठाऊक होतं.

"औंदा नाताळाक येतलस?" त्यांनी विचारलं.

बघतो, तो म्हणाला. रजा मिळाली तर.