दंडावरचा निळा डाग

“काका, आपण जरा बाहेर बसता का?” असं हाडांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी मुकाट्यानं उठलो. बायकोचा डावा हात खांद्याच्या खाली मोडला होता, तिला नीट तपासायचं असेल असं मी समजलो. दाराशी पोचतो तोच मागून प्रश्न ऐकू आला, “काकू, घरात कोणी मारतं का? हात पिरगळला होता का?” प्रश्न पुरता संपायच्या आत बायको म्हणाली, “छे, नाही हो.”

मी तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आहे. प्रश्न संपायच्या आत आलेलं उत्तर खरं असलं तरी अर्धंच असतं, एवढं मला कळतं. बाहेर बाकावर बसून मी दोघींवर धुमसत राहिलो. त्या पोरसवदा डॉक्टरबाईंना मी बायकोला मारणारा वाटलो होतो आणि माझी बायको काहीतरी लपवत होती.

तिचं म्हणणं असं की मंगळवारी सकाळी ती बाथरूममध्ये चादर पिळत होती, कट्कन आवाज आला आणि हात लोंबला. डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला. हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे, आतून जुन्या कापडासारखी विरली आहेत, एवढ्यातेवढ्यानंही मोडतात, म्हणाल्या. इथवर मला पटलं. पण मग त्यांनी दंडावरच्या निळ्या डागाकडे बोट दाखवलं. डागाची कड पिवळी पडायला लागली होती. हा आज सकाळचा नाही, दोन दिवसांचा तरी आहे, असं म्हणून त्यांनी बायकोकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मला बाहेर काढलं.

घरी आम्ही दोघंच. मुलगी खराडीला कंपनीत असते, ती महिन्यातून एकदा येणार. म्हणजे संशयित एकच, मी. पण मी काही केलेलं नव्हतं, त्यामुळे हा हात कसा मोडला हे शोधून काढणं मला भाग होतं.

पहिला संशय स्टुलावर. माळ्यावरचे डबे काढायला ती त्यावर चढते, मी शंभरदा बजावलं आहे. पण स्टुलावर चांगली धूळ बसली होती. बाथरूमची फरशी मी अनवाणी फिरून पाहिली, कुठं निसरडी नव्हती. धुण्याभांड्याच्या बाईंना आडून विचारलं, तर त्या म्हणाल्या, काकूंनाच विचारा की. काकूंना विचारलं की चादर, कट्कन, हात लोंबला. मुलीला फोनवर तेच, शेजारणीला तेच, शब्दसुद्धा बदलत नव्हते. पाठ केलेलं उत्तर असंच येतं. शिवाय घरात वॉशिंग मशीन असताना चादर हातानं का पिळायची, याचं उत्तर तिनं दिलं नाही.

भेटायला येणाऱ्यांना मी मात्र दुसरी गोष्ट सांगायचो. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही मंडईत गेलो होतो. बाहेर पडताना, लवकर चल म्हणायला मी मागं वळलो, तर एक स्कूटर उलट्या बाजूनं थेट हिच्या अंगावर. “असा हिसका देऊन बाजूला खेचली म्हणून वाचली. आणि बघा, दोन दिवसांनी घरात बसून हात मोडून घेतला!” लोक हसायचे. ही गोष्ट सुरू झाली की बायको पाणी आणायला उठायची.

सहा आठवड्यांनी गळ्यातली झोळी निघाली. डॉक्टरबाई आता माझ्याशी बऱ्या बोलत होत्या. “काका, काकूंना उठवताना कमरेला आधार द्या, हात ओढू नका. अशा हाडाला एक हिसका पुरतो.”

माझाच शब्द होता तो. मी बायकोकडे पाहिलं. ती पिशवीत चष्मा शोधत होती, चष्मा डोळ्यांवर होता.

बाहेर आलो. रस्ता ओलांडायचा होता, गाड्या थांबत नव्हत्या. मी विचारलं, “मंडईपाशीच मोडला ना?”

“तेव्हा तडा गेला असेल. मोडला चादर पिळतानाच. हात चालतोय का ते बघत होते,” ती म्हणाली. “खोटं नाही बोलले मी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

ती गाड्यांकडे बघत राहिली. “चाळीस वर्षं रस्त्यात तुम्ही दहा पावलं पुढं चालता. त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात धरलात. सांगितलं असतं, तर पुन्हा धरला असतात?”

मला लाज वाटली. पहिल्यांदा हात धरला, हे तिनं लक्षात ठेवलं म्हणून बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची आणखी लाज वाटली. आठवडेच्या आठवडे मी स्टूल तपासलं, फरशी तपासली, कामाच्या बाईंवर संशय घेतला. डॉक्टरबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बरोबर माणसाकडे पाहिलं होतं.

मी हात पुढं केला, पण बोटं मिटायला धजेनात. शेवटी तिनंच उजव्या हातानं माझं मनगट पकडलं आणि रस्त्यात उतरली. मी तिच्या मागून गेलो.